भुकेशी तडजोड

वाचकाच्या हातात चकली असताना त्याला गाठून भुकेच्या गोष्टी सांगाव्यात, हा थोडा दुष्टपणाच झाला. पण इलाज नाही. गेले वर्षभर हा विषय माझ्या पोटात घर करून बसला आहे, आणि तो अलंकारिक अर्थाने नव्हे!

पिरंगुटच्या एका व्यायामशाळेत मी आठवड्यातून तीन दिवस वजने उचलतो. वय पंचेचाळीस, धंदा मराठी शिकवण्याचा, आणि रक्तातली साखर काठावर आल्याचा डॉक्टरांचा इशारा. वजन होते ८४ किलो. ते उतरवायचे, पण झिजायची ती चरबी, स्नायू नव्हेत. मेख आहे ती इथेच. नुसते उपाशी राहिले तर शरीर चरबीबरोबर स्नायूही खर्ची घालते. वजने उचलली तर ते स्नायू राखू पाहते. पण वजने उचलणाऱ्याला पोटाची हाकही ऐकावी लागते. घोडा पळवायचा आणि चंदी तोडायची, असा हा उद्योग.

त्यातून मुक्काम मुळशीत. इथला पाऊस दांडगा, खाचरे भाताची, आणि आंबेमोहोर शिजू लागला की चार घरांना कळते. इथे ‘जेवलास का’ याचा अर्थ ‘भात खाल्लास का’ असाच. या मुलखात ताटातला भात बाजूला सारणे म्हणजे यजमानाचा अपमान; आणि माझ्या घरी यजमान म्हणजे आई.

आई पारनेरकडची. १९७२ च्या दुष्काळात ती सतरा वर्षांची होती. दुष्काळी कामावर खडी फोडायची, पाट्या वाहायच्या, आणि कामावर मिळणारी सुकडी अर्धी खाऊन उरलेली धाकट्या भावासाठी पदराला बांधून आणायची. घरी भाकरी तांबड्या मिलोची. माझा भात बाजूला पडलेला पाहून ती म्हणाली, “आम्ही पोटापायी दगडं उचलली. तू पैसं भरून उचलतोस, अन् वर उपाशी ऱ्हातोस?”

एम. ए. असूनही मला यावर उत्तर सुचले नाही. तिची भूक आणि माझी भूक एकाच नावाने ओळखली जावी, ही मराठीची गरिबी म्हणायची की भाषेचा न्याय, कोण जाणे.

भुकेचा अभ्यास मात्र मी मनापासून केला. जठरातून भुकेची वर्दी देणारे एक संप्रेरक जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ साली शोधून काढले. रोजच्या जेवणाच्या वेळेला ते चढते आणि जेवण मिळाले नाही तरी काही वेळाने उतरते. म्हणजे ही बया घड्याळ पाहून येते! चार वाजताची भूक मी आता ताकाचा पेला घेऊन अर्धा तास ताटकळत ठेवतो. बहुधा ती कंटाळून परत जाते. रात्री व्यायामानंतर येणारी भूक मात्र खरी. तिला वाटेला लावता येत नाही, जेवूच घालावे लागते.

काय घालायचे? १९९५ साली सिडनी विद्यापीठात ३८ पदार्थांची परीक्षा झाली. सारख्याच उष्मांकांत पोट सर्वांत जास्त कशाने भरते, तर उकडलेल्या बटाट्याने! शेवटचा क्रमांक लोण्याने माखलेल्या एका खुसखुशीत फ्रेंच पावाचा. आपल्या शंकरपाळ्यांनी त्या परीक्षेला बसू नये हेच बरे. मी हे आईला वाचून दाखवले. तिने मान वर न करता सांगितले, की सुकडी घाईने गिळली की दुपारीच पोटात कालवायचे. चार फुटाणे असले तर ती एकेक करून चावीत बसे. विद्यापीठ दूर राहिले.

मग तिनेच ताट मांडायला घेतले. आधी मटकीची उसळ, दोन अंडी, काकडी; मग भाताची एकच मूद. वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅम प्रथिन हवे, हा हिशेब मी सांगितला, तेव्हा तिने दह्याची वाटी वाढवली. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक उधळते, म्हणून रात्रीचे पेपर तपासणे मी बंद केले. विद्यार्थ्यांचीही त्यावर तक्रार नाही.

घाई मात्र करू नये. किलोभर चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात; आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुष्कळ. आमच्या व्यायामशाळेतली पोरे स्पर्धेआधी दोन दिवस पाणी तोडतात, तेव्हा माझा जीव वरखाली होतो. २०२४ साली पॅरिसला विनेश फोगट रात्रभर घाम गाळूनही १०० ग्रॅमने जास्त भरली, ही गोष्ट त्यांना पाठ आहे. तिला नंतर सलाईन लावावे लागले, एवढे मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही.

माझे वजन आज ७७ आहे. साखरेची तपासणी दिवाळीनंतर. नव्या तांदळाचे अनारसे डब्यात आहेत आणि व्यायामाच्या दिवशी एक, असा करार झाला आहे. परवा घरी आलो तेव्हा आईने विचारले, “आज किती उचललंस?”

“नव्वद किलो.”

“कमरेइतकंच ना? डोक्यावर पाटी घेऊन चढण चढून बघ एकदा,” ती म्हणाली, आणि डबा पुढे केला.