लोकप्रियतेला किती गुण द्यावेत?

बंगळुरूच्या चामराजपेटेत, फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर, दर वर्षी रामनवमीच्या सुमारास संगीताचा मांडव उभा राहतो. एस. व्ही. नारायणस्वामी राव यांनी १९३९ साली सुरू केलेला श्री रामसेवा मंडळीचा हा उत्सव सुमारे महिनाभर चालतो. चेंबै वैद्यनाथ भागवतर, सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर, एम. एस. सुब्बुलक्ष्मी, भीमसेन जोशी असे कर्नाटक आणि हिंदुस्थानी परंपरांतील दिग्गज त्या मंचावर गायले आहेत. या उत्सवाचे वैशिष्ट्य केवळ या नावांत नाही. महिनाभराचे कार्यक्रम केवळ तारांकित नावांवर चालवता येत नाहीत. मोठ्या नावाची एक संध्याकाळ मांडव भरते, तर उरलेल्या अनेक संध्याकाळी अभिजात पण अल्पपरिचित गायक-वादकांसाठी मोकळ्या राहतात. कलावंताची गुणवत्ता आणि त्याची लोकप्रियता यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न या मांडवात व्यावहारिक पातळीवर सुटतो. आपल्या शासनाला मात्र तो सात दशकांत नीटसा सुटलेला नाही.

शासनाचे पहिले उत्तर होते निर्बंध. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते होते. चित्रपटगीते श्रोत्यांची अभिरुची बिघडवतात, अशी त्यांची धारणा होती. आकाशवाणीवर त्या गीतांचा वाटा त्यांनी कमी केला, त्यातून निर्मात्यांशी वाद झाला आणि अखेर ही गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी मात्र आपली आवड सोडली नाही, केंद्र बदलले. १९५२ सालच्याच डिसेंबरात रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानी घराघरांत पोहोचले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून शासनाला माघार घ्यावी लागली.

तथापि केसकरांच्या कारकीर्दीचा दुसरा भाग तितकाच लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्याच काळात संगीताच्या अखिल भारतीय कार्यक्रमाला आरंभ झाला आणि कलावंतांची श्रवणपरीक्षा घेऊन श्रेणी ठरवण्याची पद्धत रुजली. या पद्धतीला नामवंत कलावंतांनी विरोध केला, आणि त्या विरोधात तथ्यही होते. मुरलेल्या गवयाने समितीपुढे परीक्षा का द्यावी, हा प्रश्न गैरलागू नव्हता. तरीही कोणाच्याही वशिल्याविना, लहान गावातील एखाद्या वादकाला राष्ट्रीय प्रक्षेपणात स्थान मिळण्याची वाट त्यातून खुली झाली. बंदी फसली, परंतु खुले केलेले व्यासपीठ टिकले. सार्वजनिक धोरणासाठी हा फरक निर्णायक आहे.

मुळात गुणवत्ता आणि लोकप्रियता यांना एकमेकांचे वैरी मानणेच चुकीचे आहे. सुब्बुलक्ष्मींना देशभर घरोघरी पोहोचवले ते १९४५ च्या ‘मीरा’ या तमिळ चित्रपटाने आणि त्याच्या पुढील हिंदी आवृत्तीने. १९६८ साली मद्रासच्या म्युझिक अकादमीने त्यांनाच ‘संगीत कलानिधी’ हा सन्मान दिला आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. बेळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी लता मंगेशकर यांच्यावर लेख लिहून, काही मिनिटांच्या गीतातही पूर्ण संगीत सामावू शकते, हे मान्य केले. ख्यालगायनात शिखर गाठलेल्या भीमसेनांनी ‘संतवाणी’ गाऊन अभंग हजारोंच्या कंठी पोहोचवला. यांतील कोणीही लोकप्रियतेसाठी स्वर सैल केलेला नाही.

मात्र उलट बाजूचा निष्कर्षही खरा नाही. जे लोकप्रिय ते श्रेष्ठच असते, असे म्हणता येणार नाही, आणि जे अप्रसिद्ध ते गौण, असेही नाही. अन्नपूर्णा देवींनी अनेक दशके जाहीर मैफली टाळल्या आणि मुंबईतील आपल्या घरातूनच विद्या दिली. निखिल बॅनर्जी आणि हरिप्रसाद चौरसिया यांसारखे शिष्य त्यांच्याकडे शिकले. श्रोत्यांच्या संख्येची फूटपट्टी लावली असती, तर अशा गुरूचे नाव कोणत्याच यादीत आले नसते. १९७७ साली पद्मभूषण देताना शासनाने ती फूटपट्टी बाजूला ठेवली, हे योग्यच झाले.

आज लंबक दुसऱ्या टोकाला गेला आहे. पूर्वी शासन लोकप्रियतेला घाबरत असे, आता शासन तिच्याच मागे धावते. शासकीय महोत्सवांच्या पत्रिकांत तेच ते चित्रपट-गायक आणि दूरचित्रवाणी-स्पर्धांतून पुढे आलेले चेहरे दिसतात, कारण गर्दी मोजता येते, तिचे छायाचित्र निघते आणि ते अहवालाला जोडता येते. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला हा मोह परिचित आहे. समाजमाध्यमांवरील दर्शकसंख्या ही त्याच मोहाची नवी आवृत्ती आहे. एखादा कलावंत किती जणांनी पाहिला हे ती सांगते. त्याने काय शिकवले, कोणाला घडवले, काय जतन केले हे ती सांगत नाही.

लोकप्रिय कलावंताला बाजारपेठ पुरेसा मोबदला देते. सार्वजनिक पैशाचे काम त्याहून वेगळे आहे. शासकीय निधीतून होणाऱ्या प्रत्येक महोत्सवात नवोदितांसाठी आणि अल्पपरिचित परंपरांसाठी ठरावीक वेळ राखून ठेवावा, आणि तो पहाटेच्या रिकाम्या खुर्च्यांसमोर नव्हे, तर मोठ्या नावाच्या अगोदरच्या सत्रात. तबला, तानपुरा, हार्मोनियम, मृदंगम वाजवणाऱ्या साथीदारांचे मानधन मुख्य कलावंताच्या पाकिटातून सुटे काढावे आणि थेट द्यावे. निवड समितीची नावे आणि निकष आधी जाहीर करावेत. आकाशवाणीकडील जुन्या ध्वनिमुद्रणांचे जतन हा खर्च नसून राष्ट्रीय मालमत्तेची देखभाल समजावी. आणि महोत्सवाच्या अहवालात प्रेक्षकांच्या संख्येबरोबर, त्या मंचावर प्रथमच कोण गायले, याचाही एक रकाना असावा.

शासनाने अभिरुचीचा न्यायाधीश होऊ नये, हा धडा १९५७ मध्येच मिळाला आहे. त्याने गर्दीचा कारकूनही होऊ नये, हा धडा अद्याप घ्यायचा आहे.