घड्याळाची शुद्ध प्रत

दिवाळीची साफसफाई निघाली, की कपाटाच्या तळाशी एखादे बंद पडलेले मनगटी घड्याळ हमखास हाती लागते. ते वडिलांचे असते म्हणून टाकवत नाही, आणि चालत नाही म्हणून कुणी घालीत नाही. आमच्याकडे निघाले ते एच. एम. टी.चे ‘जनता’. या सरकारी कंपनीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगलोरला घड्याळे करायला घेतली; २०१६ साली सरकारने तो कारखानदारीचा खटाटोप बंद करायचे ठरविले. तेव्हा आता एखादा भाग हवा, तर बहुधा दुसऱ्या निकामी घड्याळातूनच काढावा लागतो.

गंगाखेडात किल्लीच्या घड्याळाला हात घालणारे एक वृद्ध घड्याळजी आहेत. डोळ्याला भिंग लावून त्यांनी ते उघडले. वाळून चिकट झालेले तेल ही अशा घड्याळांची नेहमीची व्याधी. सारे भाग सुटे करायचे, पेट्रोलने धुवायचे, खड्यांची भोके टोकदार काडीने साफ करायची, आणि सुईच्या टोकावर राहील एवढेच तेल द्यायचे. केसासारख्या बारीक कमानीला मात्र तेलाचा स्पर्शही नको. तिचे वेढे एकमेकांना चिकटले, की घड्याळ पुढे धावू लागते. तासाला १८,००० ठोके, म्हणजे दिवसाला ४,३२,०००! एवढे काम करणाऱ्याची निगा नाजूक हातानेच राखायला हवी.

अडले ते तबकडीपाशी. सहाच्या आकड्याजवळ एक पिवळट डाग आहे. वडील गोदावरीच्या स्नानालाही घड्याळ उतरवीत नसत, त्याची ती खूण. भाच्याचे लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. बहीण म्हणाली, “दादा, नवरदेवाच्या हातात असलं कळकट घड्याळ शोभेल का? तबकडी नवी करून घे.”

करून मिळते, यात शंका नाही. जुन्या घड्याळांवर भडक तबकड्या चढवून ती परदेशी विकण्याचा उद्योग मुंबईत इतका बोकाळला, की तिकडच्या शौकिनांत ‘मुंबई स्पेशल’ हे नाव चेष्टेचे होऊन बसले. घड्याळजी म्हणाले, “सर, यंत्र धुऊन देतो. पण तबकडी रंगवली, तर हे तुमच्या वडलांचं राहायचं नाही.”

मला आमच्याच गोदावरीच्या वरच्या अंगाचे पैठण आठवले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. शिरलेले अपपाठ त्यांनी काढले, आणि पुढच्यांना बजावले की यात आपल्या पदरच्या ओव्या घालू नका. मळ काढणे निराळे आणि भर घालणे निराळे, हा विवेक घड्याळालाही लागू पडतो.

तबकडी आहे तशीच ठेवली. बहीण अजून पुरती राजी नाही. मात्र परवा तिने घड्याळ कानाशी धरले, आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

तेव्हा वाचकहो, आपल्या कपाटातले घड्याळ जाणत्या हाती द्या. आतून धुवायला सांगा, तोंड रंगवायला सांगू नका. आणि परत आल्यावर रोज ठरल्या वेळी किल्ली द्यायला विसरू नका.