कुपनाची मेहेरबानी

अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरच्या घरी कुपने छापून वाणसामान स्वस्तात घ्या, असा उपदेश गृहिणींना केला जातो. परंतु ही सवलत म्हणजे भांडवलदाराचे औदार्य नव्हे! ज्याच्यापाशी सवड आणि छपाईयंत्र, त्याला कमी भाव. दोन पाळ्या राबणाऱ्या कामगार स्त्रीला मात्र पूर्ण भाव, हेच तिचे अर्थशास्त्र. १९३९ साली रॉचेस्टर येथे शासनाने गरजूंसाठी अन्नतिकिटांची योजना आरंभिली. १९६४ साली तीसाठी कायदा झाला. तो हक्क होता, मेहेरबानी नव्हे. २०२५च्या नोव्हेंबरात, सणाच्या तोंडावर, सरकारी कामकाज ठप्प असल्याने ४ कोटींहून अधिक लोकांचे हे साहाय्य रखडले. त्यांनी कोणते कुपन छापावयाचे होते?