शर्यत संपली म्हणून कुत्रं संपत नाही

मंडळी, आज जरा कडू बोलणार आहे. ज्याला लागेल त्याने लावून घ्यावं.

जत्रा झाली आणि चौथ्या दिवशी गावाबाहेरच्या ढाब्यामागे एक ग्रेहाउंड मादी सापडली. मागचा पाय सुजलेला, अंगावर चिरलेल्या कातडीच्या जखमा. ढाबेवाला म्हणाला, "दोन दिस झालं, पिकअपमधनं सोडून गेलं कुणीतरी." तिचं नाव आम्ही चंद्रा ठेवलं. हे लिहितोय तेव्हा ती माझ्या शेजारी गोधडीवर पसरलीय. तिला सोडणारा कोण, हे मला माहीत नाही आणि शोधायचंही नाही. कारण असा तो एकटाच नाही.

आपल्याकडे हाउंड घेण्याची पद्धत बघा. पिल्लू आणायचं, व्हॉट्सअॅपला स्टेटस ठेवायचं, दुपारच्या उन्हात गाडीमागे पळवायचं. एरवी पत्र्याच्या शेडमध्ये साखळीला. नंबर आला की गुलाल, पाय मोडला की ढाबा. ग्रेहाउंड सहज दहा-बारा वर्षं जगतो. पळण्याचा जोर जेमतेम चार-पाच वर्षांचा. उरलेली वर्षं कुणी सांभाळायची?

यावर ठरलेलं उत्तर येतं, "घरात घेतलं, गादीवर झोपवलं की कुत्रं नासतं."

साफ चूक. या जातीच्या अंगावर चरबी नाही, केस आखूड, कातडी पातळ. कडक फरशीवर झोपून कोपरं सोलतात, थंडीत ते कुडकुडतं. चंद्राला मी जुना स्वेटर घातला तर अख्खी गल्ली हसली. हसा. पण पाठीवर केसांची जाड झूल असलेलं धनगरी कुत्रं आणि हे कुत्रं एक नव्हे. आणि ते दिवसभर धावतं असाही समज आहे. अहो, ते दिवसाचा बराचसा वेळ झोपतं! सकाळ-संध्याकाळ चालणं आणि बंदिस्त जागेत मोकळं पळणं, एवढं त्याला पुरतं.

दुसरं, फासळ्या. शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसणं या जातीत ठीकच. तेवढ्यासाठी शेजारच्या काकूंनी चपात्यांचा ढीग टाकायची गरज नाही. पण कण्याचे मणके आणि कमरेची हाडं मोजता येत असतील, तर ती फिटनेस नाही, उपासमार आहे. पोटभर खाऊन लगेच पळवलं तर पोटाला पीळ पडण्याचा धोका, तो जिवावर बेततो.

तिसरं, पट्टा. याची मान आणि डोकं जवळपास सारख्याच जाडीचं, त्यामुळे साधा पट्टा सटकतो. रुंद आणि ओढल्यावर बेताचाच आवळणारा पट्टा घ्या. रस्त्यावर मोकळं कधीच सोडू नका. तासाला साठ किलोमीटरच्या वर पळणारं जनावर तीन सेकंदांत पन्नास मीटर जातं. समोर मांजर दिसली की तुमची हाक त्याच्या कानापर्यंत पोचत नाही, ट्रक मात्र पोचतो.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं. ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरांना आधी जात सांगा. भुलीची काही जुनी औषधं, थायोपेंटोनसारखी, या कुत्र्यांच्या शरीरातून फार हळू उतरतात. सुरक्षित पर्याय आहेत, पण डॉक्टरांना कळलं तर ना! रक्ताचा रिपोर्टही इतर कुत्र्यांपेक्षा वेगळा येतो. तांबड्या पेशी जास्त, प्लेटलेट कमी. माहिती नसली तर धडधाकट कुत्रं आजारी ठरतं. चंद्राच्या पायाच्या वेळी डॉक्टरांनी पहिला प्रश्न जातीचाच विचारला, म्हणून मी निर्धास्त राहिलो.

आपले कारवानी आणि मुधोळही याच बांध्याचे. त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं. २०२० मध्ये 'मन की बात'मध्ये मुधोळचं नाव आलं आणि देशी जातींचं कौतुक वाढलं. आनंद आहे. पण कौतुकाबरोबर जबाबदारीही वाढली का?

आता कायदा. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा सांगतो की जनावर वाऱ्यावर सोडणं गुन्हा, सतत साखळीला ठेवून त्याला फिरवायचं टाळणं हाही गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. चहा-भज्यांच्या बिलाएवढा! कोण घाबरणार? कायदा बदलायला हवाच, पण तोवर गावाने स्वतःची लाज वापरावी. आणि सशामागे कुत्री सोडणाऱ्यांनी १९७२ चा वन्यजीव कायदाही वाचावा. तो छंद नाही, शिकार आहे.

"बैलगाडा चालतो, मग कुत्र्यांच्याच शर्यतीवर डोळा का?" हा प्रश्न येणार, माहीत आहे. तर मग बैलाचाच न्याय लावू. बेंदराला आपण त्याची शिंगं रंगवतो, त्याला पुरणपोळी भरवतो. दावणीला म्हातारा झालेला बैल विकताना डोळ्यांत पाणी येणारी माणसं याच गावात आहेत. कुत्र्याच्या वाट्याला त्यातलं काय येतं?

जिथे या शर्यतींवर मोठा धंदा उभा होता, तिथेही लोकांनी विचार बदलला. अमेरिकेतल्या फ्लोरिडात २०१८ ला मतदान झालं आणि २०२० संपताना ट्रॅक बंद झाले. शर्यतीतून निवृत्त झालेली कुत्री परदेशात हजारो घरांत सुखाने राहतात. म्हणजे ही जात घरात रमते, याला आणखी पुरावा नको.

यात्रा कमिट्यांना माझं सरळ मागणं आहे. कुत्रं उतरवणाऱ्या मालकाचं नाव-गाव लिहून घ्या. मैदानावर पशुवैद्य ठेवा. दुपारची शर्यत बंद करा. जखमी कुत्र्याचं पुढे काय झालं ते महिन्याने विचारा, आणि ज्याने सोडून दिलं त्याला पुढच्या वर्षी मैदानात पाय ठेवू देऊ नका. बक्षिसाला वर्गणी जमते, मग उपचाराला का जमू नये?

आणि पिल्लू घ्यायला निघालेल्या पोरांनो, एकच विचारतो. पाय मोडल्यावरही हे कुत्रं तुमच्या घरात राहणार का? उत्तर 'बघू' असेल, तर घेऊ नका.

पटलं तर आपल्या यात्रा कमिटीच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहेच.