तुपाची वाटी आणि नगरपालिकेचा ठराव

भाकरी पळवून नेणाऱ्या कुत्र्याच्या मागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवरायांची कथा ठाऊक नाही असा वारकरी शोधून सापडायचा नाही. पण अलीकडे ही कथा कीर्तनापेक्षा नगरपालिकेच्या सभागृहात जास्त ऐकू येऊ लागली आहे. आणि तिथे ती ज्या कामाला जुंपली जाते, ते पाहून माळकऱ्याने गप्प बसणे बरे नाही.

आमच्या तालुक्याच्या गावी सर्वसाधारण सभेत मोकाट कुत्र्यांचा विषय निघाला की दोन पक्ष पडतात. एक सदस्य उठतात, प्रभागात किती जणांना चावा घेतला ते सांगतात, टेबलावर हात आपटतात आणि म्हणतात, "गाडी लावा, उचला आणि लांब नेऊन सोडा." लगेच दुसरे उठतात. ते नामदेवरायांचे नाव घेतात, संतांच्या भूमीत मुक्या जिवाला हात लावू देणार नाही म्हणतात, बाके वाजतात. मग अधिकारी निविदेची फाइल उघडून सांगतात की मान्यताप्राप्त संस्था पुढे आली नाही. विषय तहकूब होतो. पुढल्या सभेत पुन्हा तेच. प्रेक्षकांत बसून हे ऐकताना मला दोन्ही वक्त्यांची सारखीच चीड येते.

पहिल्याचे आधी पाहू. लांब म्हणजे कुठे? पाच कोसांवरच्या खेड्यात, कुणाच्या तरी वस्तीजवळ, जिथली माणसे पालिकेत येऊन टेबल आपटू शकत नाहीत. आपल्या दारातली पीडा दुसऱ्याच्या दारात टाकायची, याला कारभार म्हणत नाहीत. शिवाय रिकाम्या झालेल्या आळीत महिन्याभरात शेजारच्या आळीतली कुत्री येतात, कारण उकिरडा जागच्या जागी असतो. विष घालणारेही गावोगाव आहेत. ते रात्रीचे काम करतात आणि सकाळी काकड्याला उभे राहतात, यावर अधिक काय लिहावे!

मारून हा प्रश्न सुटत नाही हे आपल्याला आज कळलेले नाही. मुंबईत इंग्रज सरकारने बेवारस कुत्री मारण्याचा हुकूम काढला, कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावले. जून १८३२ मध्ये त्यावरून पारशी मंडळी रस्त्यावर आली आणि दंगल झाली. पुढे दीडशे वर्षे मुंबईची पालिका कुत्री मारतच राहिली. कुत्री संपली का? कुत्री अडीच-तीन महिन्यांतून नव्हे, पण वर्षातून दोनदा विऊ शकते, गर्भ साधारण ६३ दिवसांचा, आणि सहा-आठ महिन्यांचे पिल्लू स्वतः विण्याजोगे होते. हे गणित काठीने सुटत नाही.

आता दुसऱ्या वक्त्याकडे येऊ. माझे खरे भांडण त्यांच्याशी आहे, कारण ते आपल्या घरातले शब्द घेऊन उभे आहेत.

नामदेवरायांनी कुत्र्याला जी भाकर दिली ती कोणाची होती? स्वतःच्या ताटातली. तूप कोणाचे? स्वतःचे. आणि धावले कोण? ते स्वतः. नाथमहाराजांनी रामेश्वराला नेण्यासाठी कावडीत आणलेले गंगोदक तहानलेल्या गाढवाच्या मुखात घातले, तेव्हा तेही वाटेतल्या दुसऱ्या यात्रेकरूची कावड उचलून ओतले नव्हते. सभागृहातल्या भूतदयेत मात्र बोलणाऱ्याचे काहीच खर्च होत नाही. चावा बसतो तो झाडू मारायला पहाटे निघणाऱ्या बाईला, पेपर टाकणाऱ्या पोराला, पालात राहणाऱ्या ऊसतोड्याच्या लेकराला. मोटारीतून ये-जा करणाऱ्याला कुत्रे क्वचितच चावते. दुसऱ्याच्या पोटरीच्या जिवावर केलेल्या दयेला नामदेवरायांचे नाव लावायचे, हे मला सहन होत नाही.

कुत्रे चावल्यावर काय होते ते या मंडळींनी एकदा पाहावे. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची, मग ठरलेल्या दिवशी लस घ्यायची, पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा. जखम खोल असेल तर लशीबरोबर जखमेत द्यायचे वेगळे औषध लागते, आणि ते बहुधा जवळच्या आरोग्य केंद्रात नसते. "जिल्ह्याला जा" असा कागद हातात मिळतो. रोजंदारीवरच्या बापाला हे सगळे खाडे परवडत नाहीत, म्हणून दोन लशींनंतर तो यायचा थांबतो. आणि रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की जवळपास कोणीही वाचत नाही. पाण्याचा पेला पाहून थरथरणारे माणूस ज्याने पाहिले आहे, तो या विषयावर बाके वाजवणार नाही.

म्हणून कुत्र्याचा राग धरावा असे मी म्हणत नाही. मोकाट कुत्र्याची स्थिती काय सुखाची आहे? खरजेने केस गेलेले, कुठे गाडीखाली पाय गेलेला, पावसात भिजणारी पिल्ले, त्यांतली निम्मीअधिक वर्ष पुरे करत नाहीत. त्यांना बिस्कीट टाकून निघून जाणे सोपे आहे. (बिस्कीट टाकणाऱ्यांतही फरक करावा. आमच्याकडे एक ताई स्वतःच्या पैशांनी कुत्र्यांची नसबंदी करून आणतात, लसी टोचून घेतात. लोक त्यांनाच शिव्या देतात. त्या मात्र खरोखर वाटी घेऊन धावतात.)

कायदा तर वाट स्पष्ट दाखवतो. २००१ मध्ये केंद्राचे नियम आले, त्यांच्या जागी २०२३ मध्ये नवे आले. पकडा, नसबंदी करा, लस टोचा, कानाला खाच करा आणि जिथून आणले तिथेच सोडा. हे काम स्थानिक संस्थेचे, म्हणजे पालिकेचे. त्यासाठी देखरेख समिती नेमायची. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हीच रीत मान्य केली, पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री मात्र परत सोडू नयेत आणि खाऊ घालण्याच्या जागा ठरवून द्याव्यात असे सांगितले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारांतली कुत्री निवारा केंद्रात हलवा असाही आदेश झाला. त्या आदेशावर वाद घालायला जागा आहे, कारण निवारा म्हणून बांधलेले कोंडवाडे कसे असतात ते जनावरांच्या जुन्या कोंडवाड्यांवरून आपल्याला ठाऊक आहे. पण आमच्या सभेत वाद या गोष्टींवर होतच नाही. समिती नेमली का, शस्त्रक्रियेची जागा कुठे, गेल्या वर्षी किती कुत्र्यांच्या कानाला खाच पडली, हे विचारायला कोणी उठत नाही. दर शंभरातील ७० कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असे या विषयातले जाणकार सांगतात. वर्षातून पाचपंचवीस कुत्री धरून छायाचित्र काढण्याने काही तुटत नाही.

आणि आता आपल्या मांडवाखाली येऊ, कारण तिथे आल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही. सप्ताहाची सांगता झाली, काल्याचे कीर्तन झाले, हजारो माणसे जेवली. संध्याकाळी मंदिराच्या मागे जाऊन पाहा. पत्रावळ्यांचा ढीग, त्यात बुंदी, भात, आमटी, प्लास्टिकचे पेले, आणि त्यावर तुटून पडलेली तीस-चाळीस कुत्री. आठ दिवस त्यांना असे अन्न मिळते, नवव्या दिवशी काही नाही. मग ती टोळी भुकेली होऊन गल्ल्यांत फिरते आणि आपण पालिकेला निवेदन देतो. अन्नदानाची पावती फाडणारा दाता पत्रावळ्या उचलण्यासाठी पावती फाडत नाही. मंडळाच्या हिशेबात मांडव, आचारी, कीर्तनकारांची बिदागी, कर्णे असे सारे असते. उष्ट्याची रक्कम मी अजून कुठल्या हिशेबात वाचलेली नाही. "अन्न वाया गेले तरी मुक्या जिवांच्या मुखी पडले" असे म्हणून समाधान मानणारे पुष्कळ भेटतात. प्लास्टिक पोटात गेलेली गाय मरते तेव्हा तेही मुक्या जिवाच्या मुखीच पडलेले असते.

कर्ण्यांचे तर काय सांगावे. रात्री दहा ते सकाळी सहा कर्णा लावायचा नाही हा नियम २००० सालापासून आहे. कुत्र्यांच्या भुंकण्याची तक्रार करणारे अर्ज आणि आपल्या कर्ण्याची तक्रार करणारे अर्ज पालिकेत एकाच कपाटात पडलेले असतात. दुसऱ्या गठ्ठ्यावर बोलायला मात्र दोन्ही पक्षांपैकी कोणाची जीभ उचलत नाही, कारण मांडवात बसलेला माणूस मतदार आहे.

पुढल्या महिन्यात आमच्याकडे सभा आहे आणि त्याच पंधरवड्यात सप्ताहाची बैठक आहे. बैठकीपुरते मी तीन मागण्या लिहून ठेवल्या आहेत. पंगत उठली की तासाभरात उष्टे झाकणाच्या डब्यांत जाऊन खड्ड्यात पुरले जावे, आणि ते काम रोजंदारीच्या बायांवर न टाकता पंगतीत वाढणाऱ्यांनीच करावे. प्लास्टिकचे पेले बंद. आणि जमलेल्या देणगीतून निदान वीस कुत्र्यांच्या नसबंदीचा आणि लशीचा खर्च मंडळाने उचलावा, पालिकेची निविदा निघो वा न निघो. मंडळातील एका बुवांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "महाराज, लोक देणगी देवासाठी देतात, कुत्र्यांसाठी नाही." त्यांना मी एवढेच विचारले, की यंदा काल्याच्या दिवशी नामदेवरायांची कथा सांगायची की नाही? ते अजून उत्तर शोधत आहेत. बैठक एकादशीनंतरच्या रविवारी, मंदिरात, संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर आहे.