जिरं भाव बघून नाही, हवा बघून पेरा



रब्बी तोंडावर आली की "जिरं लावू का?" हा प्रश्न येतोच. आमचं स्पष्ट मत: एकरभर नको, आधी २ गुंठे करून बघा.

🔸 भाव: जुलै २०२३ मध्ये गुजरातच्या उंझा बाजारात जिरं क्विंटलला ६० हजारांच्या वर गेलं. ते बघून पुढच्या रब्बीत तिथला पेरा जवळपास दुप्पट झाला. मार्च २०२४ मध्ये नवा माल आला, तेव्हा भाव निम्म्याच्याही खाली. ज्या भावासाठी पेरलं, तो भाव हाती आलाच नाही.

🔸 हवा: फोडणीला जिरं घरोघरी लागतं, म्हणून ते आपल्या रानात येईलच असं नाही. त्याला थंड, कोरडी हवा लागते. म्हणूनच ते उत्तर गुजरात, सौराष्ट्र आणि पश्चिम राजस्थानात रमलं. फुलोऱ्यात आभाळ आलं की करपा उभं पीक घेऊन जातो. आपल्याकडचं डिसेंबर-जानेवारीचं आभाळ तुम्ही जाणताच.

🔸 करायचंच तर: निचऱ्याची जमीन, नोव्हेंबरात पेरणी, मर रोगाला तग धरणारा 'गुजरात जिरे-४' वाण, पाणी बेताचं, बियाण्याचं पक्कं बिल.

🔸 "बियाणं घ्या, माल आम्हीच उचलू" म्हणणाऱ्याकडून दर आणि अटी लेखी घ्या. लेखी देत नसेल तर लांबूनच रामराम.

२ गुंठ्यांत जमलं तर पुढच्या वर्षी वाढवू. पेरणीआधी कंपनीच्या कार्यालयात एकदा बोलून घ्या.