फुगवलेल्या ट्यूबवर मूल सोपवू नका

परीक्षा संपल्या, उन्हाचा तडाखा वाढला की बाजारपेठेतल्या खेळण्यांच्या दुकानांबाहेर रंगीत ट्यूब, दंडात अडकवायचे फुगे आणि बदकाच्या आकाराच्या रिंगा लटकू लागतात. पालक विचारतात, "याने पोर बुडणार तर नाही ना?" दुकानदार छातीठोकपणे सांगतो, "बिनधास्त सोडा, साहेब." वाचकहो, या एका उत्तरामुळे किती घरांचा घात होऊ शकतो, याची कल्पना ना दुकानदाराला असते, ना पालकांना. म्हणून आजचा लेख या फुग्यांविषयी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून दगावली. त्यांत जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. आपली समजूत अशी असते की बुडणारे मूल ओरडेल, हातपाय झाडील आणि आपण धावत जाऊ. प्रत्यक्षात नाकातोंडाशी पाणी आलेले मूल श्वासासाठी धडपडत असते. ओरडायला लागणारा श्वासच त्याच्यापाशी नसतो. ते आवाज न करता, काही क्षणांत खाली जाते.

आपल्याकडे पोहायला शिकवण्याची जुनी पद्धत होती. कुणी पाठीला वाळलेला भोपळा बांधी, कुणी झाकण पक्के केलेला पत्र्याचा डबा, कुणी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा. ही साधने आजच्या फुग्यांपेक्षा फार चांगली होती असे मी म्हणणार नाही. दोर सुटला की संकट तेव्हाही येई. पण एक गोष्ट होती. डबा बांधणारा काका, मामा किंवा थोरला भाऊ स्वतः विहिरीत उतरलेला असे आणि त्याची नजर पोरावरून हलत नसे. आज साधन दुकानातून येते आणि माणूस काठावर मोबाईल बघत बसतो. माझ्या मते खरा धोका इथे आहे.

आता या फुग्यांचे दोष पाहू. कमरेच्या ट्यूबमधून मूल सहज खाली निसटते. मूल पुढे झुकले तर ट्यूब उलटते, पाय वर आणि डोके पाण्यात अशी अवस्था होते आणि लहान मुलाला पुन्हा सरळ होता येत नाही. दंडातले फुगे हात वर केले की ओल्या हातावरून सटकतात. काट्याने किंवा काठावरच्या खरखरीत फरशीने हवा गेली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. ही खेळणी आहेत, खेळणी म्हणूनच घ्यावीत. अशा अनेक वस्तूंवर "हे जीवरक्षक साधन नाही" अशी सूचना बारीक अक्षरांत आणि बहुधा इंग्रजीत छापलेली असते. ती वाचतो कोण?

काही वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात सहा वर्षांच्या एका मुलाला घाईघाईने आणले होते. सहलीच्या ठिकाणच्या तलावात ते ट्यूब उलटून अडकले होते. वडील चार पावलांवर उभे होते. शेजारच्या बाईंचे लक्ष गेले म्हणून मूल वाचले. वडील एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते, "पण ट्यूब होती ना त्याच्याजवळ!"

मग घ्यावे काय? नाव, होडी, धरण, समुद्रकिनारा अशा ठिकाणी जायचे असेल तर फोम भरलेले लाईफ जॅकेट. त्यावर ५०, १०० किंवा १५० असे आकडे असतात. हे पाण्यात उचलून धरण्याच्या ताकदीचे माप असून त्याला न्यूटन म्हणतात. दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा आधार. हे आकडे मोठ्या माणसाच्या हिशेबाचे आहेत, मुलांच्या जॅकेटमध्ये वजनाप्रमाणे ताकद कमी असते. ५० चा वर्ग पोहता येणाऱ्यांसाठी आहे, तो बेशुद्ध माणसाचे तोंड वर वळवीलच असे नाही. पोहता न येणाऱ्या मुलाला १०० किंवा त्यावरचा वर्ग हवा आणि मानेमागे डोके टेकायला कॉलर हवी. दोन पायांमधून जाणारा पट्टा, पक्के बक्कल, ओढून काढायला मागे मूठ आणि एक शिट्टी असावी. रंग नारिंगी किंवा पिवळा घ्यावा, निळा रंग पाण्यात दिसत नाही.

आपल्याला कपडे वाढत्या अंगाचे घ्यायची सवय आहे. जॅकेटच्या बाबतीत ही काटकसर जिवावर बेतते. मुलाचे वजन करा आणि जॅकेटवर छापलेल्या किलोंशी ताडून पाहा. सर्व पट्टे आवळा, मुलाला हात वर करायला सांगा आणि खांद्यापाशी धरून जॅकेट वर ओढा. ते हनुवटीच्या, कानांच्या वर आले तर माप मोठे आहे, परत करा. नंतर उथळ पाण्यात, तुमच्या हाताशी ठेवून, एकदा घालून पाहा. जॅकेट बसायला उशीसारखे वापरू नका, दबून दबून फोम निकामी होतो.

आणि जॅकेट अंगात हवे, होडीच्या कोपऱ्यात नव्हे. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची होडी उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका गेल्या. होडीतल्या अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हते. तेव्हा पालकांनो, शाळेच्या सहलीच्या संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी एक प्रश्न विचारा : होडीत बसणार असतील तर प्रत्येक मुलाच्या मापाचे जॅकेट आहे का? हा प्रश्न विचारण्यात संकोच कसला?

मुलांना पाण्यापासून दूर ठेवणे हा उपाय मला पटत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला रीतसर पोहायला शिकवावे. शिकताना फोमची फळी हातात धरून पाय मारायला लावतात, ते योग्य आहे. तिचा आधार हळूहळू कमी करता येतो. पण शिकवणारा पाण्यात, हाताच्या अंतरावर हवा. पोहता येणाऱ्या मुलावरही नजर हवीच. आणि घरात रांगते मूल असेल तर न्हाणीघरातली बादली रिकामी करून पालथी ठेवा. वीतभर पाणीही त्याला पुरते.

एक मागणी ग्रामपंचायतींकडे आणि शेतकरी बंधूंकडे. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि शेततळी वाढली, पाण्याची सोय झाली. पण अस्तराचा प्लॅस्टिकचा कागद इतका निसरडा असतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. प्रत्येक शेततळ्याला कुंपण, चारही बाजूंनी पाण्यात सोडलेला गाठींचा दोर आणि खांबाला टांगलेली दोर बांधलेली ट्यूब हवी. बुडणाऱ्याकडे फेकायला ट्यूब उपयोगी आहे. पोहता येत नसेल तर उडी मारू नका, दोर फेका. अस्तरावर जो खर्च होतो त्यापुढे हा खर्च काहीच नाही.

मूल बाहेर काढल्यावर उलटे टांगू नका, पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. श्वास थांबला असेल तर ताबडतोब तोंडाने श्वास द्या, छातीवर दाब द्या आणि दुसऱ्याला १०८ क्रमांकावर फोन करायला सांगा. ही कृती गावातल्या चार तरुणांनी तरी आरोग्य केंद्रात शिकून घ्यावी.

बुडत्याला काडीचा आधार, असे आपण म्हणतो. काडीने कुणी तरत नाही, हे म्हण करणाऱ्यालाही ठाऊक होते. या सुट्टीत मुलांना पाण्यावर जरूर न्या. मापाचे जॅकेट घ्या, मोबाईल पिशवीत ठेवा आणि मुलाच्या हाताला तुमचा हात पोहोचेल इतक्या जवळ स्वतः पाण्यात उभे राहा.